स्विचरवर फ्रेम सिंक आणि फॉरमॅट कन्व्हर्जन कसं बसवायचं : दंगल, सप्ताह, लग्न लाइव्ह करणाऱ्या भावांसाठी

मागच्या चैत्रात अमळनेरकडच्या एका गावात जत्रेतली कुस्त्यांची दंगल लाइव्ह होती. सामान आपलं नेहमीचंच, दोन माझे कॅमेरे, एक मित्राकडून आणलेला, आणि पहिलवानांची नावं दाखवायला लॅपटॉप. ऊन असं की केबल हातात धरवत नव्हती, मंडळवाले कधी चालू कधी चालू करत उरावर बसलेले, म्हणून जी वायर हातात आली ती आधी खोचली आणि ती निघाली लॅपटॉपची. स्विचर, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात आणि कोणतं चित्र बाहेर जाईल ते निवडतो ती पेटी, ऑटोवर होता. त्याने लॅपटॉप ६० वर (म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, सुटी चित्रं) चालतोय हे बघितलं आणि स्वतःला ६० वर नेऊन ठेवलं, माझे दोन्ही कॅमेरे ५० वाले, ते नंतर आले आणि त्यांनाच आता ६० करायची पाळी आली. चित्र तर दिसतंय, कट पण होतोय, मग मी निवांत. वायर ओढायला असतो तो पोरगा मॉनिटरकडे बघून म्हणतो, "भाऊ, पहिलवान उड्या मारी ऱ्हायना." मी म्हटलं कुस्ती आहे रे, मारेलच. तो म्हणे तसं नाही हो, कॅमेरा फिरवला का चित्रच उड्या मारतं.

त्याचं बरोबर होतं. ५० चं ६० करायचं म्हणजे सेकंदाला दहा फ्रेम जास्तीच्या लागतात, त्या कुठून आणणार, तर प्रत्येक पाचवी फ्रेम दोनदा दाखवायची. माणूस उभा असला तर कळत नाही, पण कॅमेरा आखाड्यावरून फिरला की चित्र अडखळत जातं. अर्धी दंगल तशीच गेली, कारण चालू कार्यक्रमात फॉरमॅट, म्हणजे चित्राचा आकार आणि फ्रेमचा वेग, बदलायचा म्हणजे सगळं काळं होणार. तेव्हापासून मी ऑटो नावाच्या गोष्टीला हात लावत नाही, आणि हे सगळं लिहायचं कारण पण तेच.

आधी एक गोंधळ मिटवू. फ्रेम सिंक वेगळं आणि फॉरमॅट कन्व्हर्जन वेगळं. बरेच जण दोन्ही एकच समजतात आणि मग "फ्रेम सिंक ऑन केलं तरी झटके येतात" म्हणून स्विचरला शिव्या घालतात.

फ्रेम सिंक म्हणजे काय ते भुसावळच्या आऊटरवर सगळ्यांनी अनुभवलंय. गाडी वेळेत आली तरी प्लॅटफॉर्म मोकळा नसला तर आऊटरला उभी करतात आणि बरोबर वेळ झाली की आत घेतात. स्विचरचं पण तसंच, त्याचं स्वतःचं एक घड्याळ असतं, आणि ५० वर चालला तर दर २० मिलिसेकंदाला एक फ्रेम बाहेर निघालीच पाहिजे. तुमचे चार कॅमेरे चार वेगवेगळ्या क्षणी चालू केलेले असतात, एकाची फ्रेम आत्ता सुरू होते, दुसऱ्याची ७ मिलिसेकंदांनी, तिसऱ्याची १५ नी. असं सरळ कट केलं तर कटच्या जागी चित्र फाटतं, नाहीतर एकदा वर सरकून मग बसतं, किंवा क्षणभर काळं येतं. फ्रेम सिंक काय करतं, तर येणारी फ्रेम मेमरीत धरून ठेवतं आणि स्विचरच्या ठोक्यावर सोडतं. बदल्यात उशीर लागतो, जास्तीत जास्त एका फ्रेमच्या आसपास. व्हीएचएसच्या जमान्यात लग्नाच्या मिक्सिंगला एमएक्स-५० हा पॅनासॉनिकचा मिक्सर घेतलेले जुने लोक त्याला एवढं का जपायचे, तर दोन साधे कॅमेरे जोडून फेड मारता यायचा, कारण आत दोन्ही इनपुटला हेच सिंक होतं.

बरं, दोन्ही कॅमेरे ५० चेच असले तरी त्यांची घड्याळं अगदी सारखी नसतात. समजा दोघांत दहा लाखाला दहा एवढाच फरक आहे. म्हणजे एक लाख फ्रेमला एक फ्रेम इकडेतिकडे. ५० च्या हिशेबाने एक लाख फ्रेम म्हणजे २००० सेकंद, म्हणजे साधारण ३३ मिनिटं. अर्ध्या तासात एकदा फ्रेम सिंक एक फ्रेम गिळणार किंवा एक दोनदा दाखवणार, तुम्हाला काय कुणालाच दिसणार नाही. हे त्याचं रोजचं काम आहे, ते चुपचाप करतं.

पण ६० वाला कॅमेरा ५० वर आणायचा म्हणजे सेकंदाला दहा फ्रेम फेकायच्या. दर सहावी फ्रेम गायब. हे काम फ्रेम सिंकचं नाही, हे कन्व्हर्जन, आणि साध्या स्विचरमधला कन्व्हर्टर फ्रेम फेकतो नाहीतर डबल करतो, मधली फ्रेम नवीन बनवणारे कन्व्हर्टर महाग असतात आणि त्यांचा उशीरही जास्त. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जे जिथून निघतं तिथेच बरोबर करा, कॅमेऱ्याच्या मेनूत, लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये, आणि स्विचरच्या कन्व्हर्टरला फक्त तेच द्या जे दुसरीकडे सुधरत नाही.

आता करायचं कसं.

घरून निघायच्या आधी एक कागद घ्या आणि त्यावर एकच फॉरमॅट लिहा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २५ किंवा ५० च्या घरातलं घ्या, ६० च्या नादी लागू नका, नाहीतर मांडवातल्या ट्यूबलाइट आणि हॅलोजन चित्रात लुकलुकतात. कुस्ती, कबड्डी, वरात, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे, जिथे पळापळ आहे तिथे १०८०पी५० (१०८० ओळींचं चित्र, पी म्हणजे प्रत्येक फ्रेम पूर्ण, सेकंदाला ५०). कीर्तन, सत्कार, शाळेचं गॅदरिंग असेल आणि कॅमेरे जुने असतील तर १०८०पी२५ पण चालून जातं. लोकल केबलवाल्याला द्यायचं असेल तर त्याला आधी फोन करून विचारा, बरेचदा १०८०आय५० मागतात (आय म्हणजे इंटरलेस, एकाआड एक ओळींची अर्धी-अर्धी चित्रं, सेकंदाला अशी ५०). गावात अपलोडचा स्पीड रडत असला तरी स्विचर ५० वरच ठेवायला हरकत नाही, स्ट्रीमच्या एन्कोडरला (चित्र दाबून नेटवर पाठवणाऱ्याला) २५ सांगा, तो एकाआड एक फ्रेम सोडतो आणि झटका येत नाही कारण हिशोब पूर्ण बसतो. ६० मधून २५ चा हिशोब बसत नाही, तिथे वाट लागते.

कागदावर त्याच्याखाली प्रत्येक सोर्स लिहा आणि तो काय देतो ते. इथे कंटाळा करायचा नाही. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काय आणि एचडीएमआयमधून बाहेर काय निघतं ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, रेकॉर्डिंग २५पी असूनही बाहेर १०८०आय निघू शकतो. बऱ्याच कॅमेऱ्यांत एचडीएमआय आउटपुटचं रिझोल्युशन ऑटोवर असतं, ते हाताने १०८०पी करा, आणि स्क्रीनवरचे आकडे, बॅटरीचं चिन्ह वगैरे एचडीएमआयमधून जाऊ नये म्हणून इन्फो डिस्प्ले ऑफ. नवरदेवाच्या कपाळावर बॅटरी दिसली की वडील मंडळी वर्षभर ऐकवतात.

मिररलेस कॅमेऱ्यांना पाल (२५-५० वालं) आणि एनटीएससी (३०-६० वालं) असा एक स्विच मेनूत असतो. कुणी अमेरिकेहून आणून दिलेला कॅमेरा हमखास एनटीएससीवर निघतो, म्हणजे ५९.९४. तो पालवर घ्या. लक्षात ठेवा, सोनीच्या अल्फा वगैरे कॅमेऱ्यात हे बदललं की कार्ड फॉरमॅट करायला सांगतो, तेव्हा कार्डात काय आहे ते आधी बघा. आयफोन जोडत असाल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या रेकॉर्ड व्हिडिओत पाल फॉरमॅट दाखवा असं एक बटण आहे, ते ऑन केल्याशिवाय २५ चा पर्यायच दिसत नाही. गोप्रोला अँटी फ्लिकर ५० हर्ट्झवर. मोबाईलचा ३०पी स्विचरच्या ५० वर आणला तर तीन फ्रेमच्या पाच करायच्या म्हणजे एक फ्रेम दोनदा, एक दोनदा, एक एकदाच, चालणारा माणूस लंगडल्यासारखा दिसतो. २५पी मात्र ५० वर मस्त बसतो, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा.

लॅपटॉप. हा खरा उपद्व्यापी. एचडीएमआय खोचली की तो डुप्लिकेटवर जातो आणि स्वतःच्या पडद्याचं १३६६ बाय ७६८ आणि ६० हर्ट्झ बाहेर पाठवतो. विंडोजमध्ये आधी एक्स्टेंड करा, मग त्या दुसऱ्या डिस्प्लेला १९२० बाय १०८०, आणि अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट ५० हर्ट्झ. स्विचर पन्नासवर चालू असेल तेव्हाच जोडा म्हणजे ५० चा पर्याय यादीत दिसायची शक्यता जास्त. नसलाच दिसत तर ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्युशन बनवता येतं. आणि नावाच्या पट्ट्या काळ्या ऐवजी राखाडी दिसल्या किंवा नवरीचे केस म्हणजे नुसता काळा गठ्ठा दिसला तर तो रेंजचा घोळ, कॉम्प्युटर ० ते २५५ पाठवतो आणि व्हिडिओवाले १६ ते २३५ धरतात. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये लिमिटेड रेंज निवडा. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तोपर्यंत मी कॅमेऱ्याचाच काळा खाली-वर करत होतो.

आता स्विचर.

सगळ्यात आधी, एकही वायर न लावता, त्याचा व्हिडिओ स्टँडर्ड हाताने बसवा. कुठे त्याला सिस्टिम फॉरमॅट म्हणतात. ब्लॅकमॅजिकच्या अॅटेम मिनीत सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आहे, आणि तो मूळचा ऑटोवर असतो, पहिला जो सोर्स लागेल त्याचा फॉरमॅट धरतो. तिथे १०८०पी५० निवडून टाका, विषय संपला. हे आधीच करायचं दुसरं कारण म्हणजे अॅटेममध्ये स्टँडर्ड बदलला की मीडिया पूल रिकामा होतो. म्हणजे तुम्ही रात्री जागून टाकलेले लोगो, नावाच्या पट्ट्या, "थोड्याच वेळात सुरू होत आहे" वाला फोटो सगळं साफ. एका साखरपुड्याला मी पाहुणे यायच्या पंधरा मिनिटं आधी ५० चं २५ केलं आणि मग मांडवाच्या खांबाला टेकून परत सगळं टाकत बसलो, एका हाताने जिलेबी खात.

मग प्रत्येक इनपुटकडे या. इथे तुमचा स्विचर कोणत्या जातीचा आहे ते माहीत पाहिजे. अॅटेम मिनीत सगळ्याच एचडीएमआय इनपुटला सिंक आणि कन्व्हर्टर दोन्ही आहेत आणि ते आपोआप चालतात, तुम्हाला ऑन-ऑफ काही करायचं नाही. जुन्या अॅटेम टेलिव्हिजन स्टुडिओ एचडीत री-सिंक सगळ्या इनपुटला आहे पण फॉरमॅट सगळ्यांचा एकच लागतो, दुसरा फॉरमॅट दिला की तो इनपुट काळा. नंतरच्या एचडी८ मध्ये आठही एसडीआय (मोठ्या कॅमेऱ्यांची, लांब जाणारी वायर) इनपुटला कन्व्हर्टर आले. दुसऱ्या बऱ्याच स्विचरमध्ये फ्रेम सिंक प्रत्येक इनपुटला वेगळं ऑन-ऑफ होतं आणि कन्व्हर्टर मात्र ठरावीक दोन-चार इनपुटलाच असतो. तसा असेल तर मॅन्युअल उघडून कोणत्या नंबरला कन्व्हर्टर आहे ते बघा आणि त्या नंबरवर टेप चिकटवून लॅपटॉप असं लिहून ठेवा. सरळ कॅमेरे बाकीच्या नंबरला. माझ्याकडे एक भाऊ आला होता, म्हणे इनपुट खराब झालंय, आठ दिवस दुकानात पडून होता स्विचर. इनपुट ठणठणीत होतं, हा सोर्सच चुकीच्या नंबरला लावत होता.

इनपुटच्या मेनूत एफएस, फ्रेम सिंक, री-सिंक असं काहीतरी लिहिलेलं असतं. लग्नाच्या कॅमेऱ्यांना, मिररलेसला, हँडीकॅमला जेनलॉकचं (कॅमेरा बाहेरच्या घड्याळाशी जुळवायचं) सॉकेटच नसतं, तेव्हा डोकं न लावता सगळ्यांना ऑन. रेफरन्स, म्हणजे स्विचर कोणाच्या घड्याळावर चालतो ते, इंटरनल. झालं. एकाला ऑन, एकाला ऑफ असं अर्धवट करू नका, सिंक लागलेला कॅमेरा एक फ्रेम मागे राहणार आणि न लागलेला पुढे, मग कट केल्यावर महाराजांचे ओठ एका कॅमेऱ्यात बरोबर आणि दुसऱ्यात किंचित मागे.

मोठ्या कामाला जेनलॉकवाले कॅमेरे भाड्याने आणले असतील तर गोष्ट वेगळी. सिंक जनरेटरमधून ब्लॅकबर्स्ट किंवा ट्राय-लेव्हल (दोन्ही ठोक्याचेच सिग्नल) प्रत्येक कॅमेऱ्याला आणि स्विचरला द्यायचा, स्विचरचा रेफरन्स एक्स्टर्नल करायचा, कॅमेऱ्याच्या मेनूत जेनलॉक ऑन. रेफरन्स पण ५० च्याच घराण्यातला पाहिजे, एनटीएससीचा ब्लॅकबर्स्ट देऊन ५० लॉक होणार नाही. केबल एकातून दुसऱ्यात लूप करत नेली असेल तर शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचं टर्मिनेशन लावा, आणि फक्त शेवटच्याच, मध्येच कुणी टर्मिनेशनचं बटण दाबून ठेवलं की पुढच्या सगळ्यांचा लॉक डुगडुगतो. एवढं जमलं तर त्या कॅमेऱ्यांचं फ्रेम सिंक ऑफ करा, तो एका फ्रेमचा उशीर वाचतो. एलईडी वॉलवाल्या कार्यक्रमात ह्याची किंमत कळते, त्यावर पुढे येतो.

मग एकेक वायर लावा. एकदम चार नाही. एक लावली, मल्टीव्ह्यूवर (सगळे सोर्स एकत्र दिसतात त्या पडद्यावर) चित्र बघितलं, इनपुटला कोणता फॉरमॅट येतोय ते स्विचर दाखवत असेल तर कागदाशी जुळवलं, मग पुढची. चित्र काळं आलं तर माझा शोधायचा क्रम असा की आधी वायर बदलतो, मग फॉरमॅट बघतो. एचडीएमआयची लांब वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही, आखाड्याच्या पलीकडे कॅमेरा असेल तर कन्व्हर्टर लावून एसडीआयने आणा. फक्त एक लक्षात ठेवा, साधे मायक्रो कन्व्हर्टर एचडीएमआयचं नुसतं एसडीआय करतात, ६० चं ५० करत नाहीत. ते करायला डेसिमेटर एमडी-एचएक्ससारखी डबी लागते. असली एक डबी बॅगेत असू द्या, तिने माझे तीन-चार कार्यक्रम वाचवलेत.

एसडीआयमध्ये १०८०पी५० ला ३जी (एसडीआयचाच जास्त वेगाचा प्रकार) लागतं, १०८०आय५० ला साधं एचडी-एसडीआय, म्हणजे निम्मा वेग. जुनी केबल १०८०आय वर छान चालते आणि ५०पी वर ठिणग्या उडाल्यासारखी दिसते ती म्हणूनच. अजून एक भानगड म्हणजे ३जी मध्ये लेव्हल ए आणि लेव्हल बी. कॅमेरा एक पाठवतो, जुनं यंत्र दुसरंच समजतं, दोन्ही १०८०पी५० असूनही काळं. कॅमेऱ्याच्या किंवा कन्व्हर्टरच्या मेनूत लेव्हल बदलून बघा.

आणि सेट-टॉप बॉक्स किंवा फायरस्टिक लावून मॅच दाखवायची कुणी फर्माईश केली तर ते एचडीसीपीमुळे (कॉपी रोखायचं कुलूप) काळंच येणार. ते तुमच्या सेटिंगने सुटत नाही आणि दाखवायचा हक्क पण आपल्याकडे नसतो, तेव्हा सरळ नाही म्हणा.

आडव्या-उभ्याचा विषय. एखादा जुना एसडी कॅमेरा किंवा जुन्या कॅसेटची क्लिप असते, ७२० बाय ५७६, ४:३ वाली. कन्व्हर्टरच्या मेनूत तीन वाटा असतात. एक, ताणून १६:९ करा, मग आजोबा बुटके आणि जाडे. दोन, दोन्ही बाजूला काळे पट्टे, चित्र मधल्या १४४० पिक्सेलमध्ये आणि दोन्हीकडे २४० चे पट्टे. तीन, वरखाली कापा, उंचीचा पाव भाग जातो, फेटा आणि हात कापले जातात. मी कायम दुसरं ठेवतो आणि मागे लग्नाच्या पत्रिकेचा रंग धूसर करून टाकतो म्हणजे पट्टे खुपत नाहीत. मोबाईल उभा धरला तर १०८० च्या उंचीत जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदी मिळते, तिथे कन्व्हर्टरकडून काही होणार नाही, मोबाईलवाल्या भाच्याला आडवा धर म्हणून सांगणं हाच उपाय. काही स्विचरमध्ये डॉट बाय डॉट असा पर्याय असतो, त्यात चित्र आहे त्या आकारात मध्ये ठेवतात, मोठं करत नाहीत. लॅपटॉपच्या बारीक अक्षरांना तो कामाचा.

१०८०आय चे कॅमेरे पी५० च्या स्विचरवर आणले तर आत डीइंटरलेस होतं, म्हणजे अर्ध्या ओळींच्या पूर्ण फ्रेम बनतात. बहुतेक वेळा ठीक. पण बाजूच्या कडा दातेरी दिसायला लागल्या, टाळ वर-खाली होताना कंगव्यासारख्या रेघा आल्या, तर कॅमेऱ्याचा आउटपुट पी करता येतो का बघा. काही कॅमेरे २५पी चं चित्र ५०आय च्या पाकिटात घालून पाठवतात, त्याला पीएसएफ म्हणतात, स्विचर त्याला इंटरलेस समजून उगाच प्रक्रिया करतो आणि चित्र मऊ पडतं. १०८०आय५० च्या स्विचरवर मात्र हे पाकीट जसंच्या तसं जातं.

सिग्नल गेला तर काय दाखवायचं हे पण सिंकच्या जवळच मेनूत असतं, काळं किंवा शेवटची फ्रेम फ्रीझ. वायरलेस ट्रान्समीटरवर वरातीचा कॅमेरा असेल तर मी फ्रीझ ठेवतो, अर्धा सेकंद तुटलं तर कुणाला कळत नाही. वायरवरच्या कॅमेऱ्याला काळंच बरं, नाहीतर वायर निघालेली असते आणि आपण गोठलेल्या चित्राकडे बघत बसतो की महाराज किती शांत बसलेत.

आता उशिराचा हिशोब, ज्यात मी सगळ्यात जास्त पोळलोय. चोपड्याकडे एका सप्ताहात स्टेजच्या बाजूला एलईडी वॉल होती. महाराजांच्या मागे वीस-पंचवीस टाळकरी, विठ्ठल विठ्ठल चालू झालं, आणि पुढच्या ओळीतल्या बाया वॉलकडे बघून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मी बघितलं तर टाळ कानात आधी वाजतोय आणि वॉलवर मागून आपटतोय. प्रत्येक ठोक्याला. मोजलं तेव्हा कळलं, कॅमेऱ्याच्या आउटपुटला दोन फ्रेम, स्विचरच्या सिंकला एक, मध्ये मी उगाच घातलेल्या कन्व्हर्टरला एक, वॉलच्या प्रोसेसरला दोन. सहा फ्रेम, ५० च्या हिशेबाने १२० मिलिसेकंद. आणि गंमत बघा, मांडवाच्या शेवटी उभे असलेले लोक म्हणत होते एकदम बरोबर आहे. कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, चाळीस मीटर मागे पोचायला त्यालाही १२० मिलिसेकंद लागतात, तिथे चित्र आणि आवाज बरोबर भेटत होते.

हा उशीर शून्य होत नाही, कमी होतो. मधले कन्व्हर्टर काढा, वॉलला जाणारी वायर स्विचरमधून सरळ द्या, स्विचर २५ ऐवजी ५० वर ठेवा कारण तेवढ्याच फ्रेम पण प्रत्येक ४० ऐवजी २० मिलिसेकंदांची. वॉलवाल्याला विचारा त्याचा प्रोसेसर ५० वर आहे का ६० वर. बरेच जण ६० वर सोडून देतात, मग आपलं ५० चं तिथे परत ६० होतं, झटके आणि उशीर दोन्ही. इनपुटप्रमाणे चालव म्हटलं की तो पाच मिनिटांत करून देतो, चहा पाजावा लागतो. आणि टाळकऱ्यांचा क्लोजअप वॉलवर टाकू नका, लांबचा शॉट टाका, लांबून कुणाला काय कळतंय.

स्ट्रीमचा आवाज उलटा. तिथे आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट येतो आणि चित्र मागून, म्हणून आवाजालाच थांबवायचं. प्रत्येक कॅमेऱ्यासमोर एकाने उभं राहून टाळी वाजवायची, स्विचरच्या प्रोग्राम आउटपुटचं रेकॉर्डिंग करायचं आणि एडिटिंगमध्ये उघडून बघायचं, हात एकमेकांना लागलेली फ्रेम आणि आवाजाचा टोक ह्यात किती फ्रेम आहेत. समजा चार. मग ऑडिओच्या मेनूत त्या माइक इनपुटला चार फ्रेमचा डिले, स्विचर मिलिसेकंद मागत असेल तर चार गुणिले वीस, ऐंशी. परत टाळी, परत बघा. चारही कॅमेऱ्यांचा आकडा एक फ्रेम इकडेतिकडे येईल, मधला धरा. वायरलेस कॅमेरा जास्त मागे असतो, त्याच्यावर बोलणाऱ्या माणसाचा क्लोजअप घेऊ नका.

एक गोष्ट जी कोणत्याच सिंकने सुधरत नाही. गावात लाइट गेली आणि जनरेटर आला की चित्रात आडवे पट्टे हळूहळू वर सरकायला लागतात. स्विचरचा दोष नाही, जनरेटर बरोबर ५० वर फिरत नसतो, लोड पडला की कमी, सुटला की जास्त, आणि आपला शटर १/५० वर बसलेला. कॅमेऱ्यात सिंक्रो स्कॅन किंवा व्हेरिएबल शटर असेल तर तो थोडा थोडा फिरवून पट्टा स्थिर करा. नसेल तर जनरेटरवाल्या दादाला जाऊन भेटा. आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचं ऊन पंचेचाळीसच्या घरात गेलं की स्विचर पत्र्याखाली ठेवू नका, छोटा पंखा लावा, तापला की तो काय करेल त्याला फॉरमॅट लागत नाही.

शेवटचं, सामान आवरताना. मित्राचा कॅमेरा तुम्ही एनटीएससीवरून पालवर घेतलाय, तो परत देताना मेनू होता तसा करून द्या, पण त्याआधी कार्ड कॉपी करा, कारण बदलला की तो परत कार्ड फॉरमॅट करायला सांगतो आणि त्यात आजची सगळी दंगल असते. मी एकदा घाईत ओके दाबलंय. नशीब स्विचरच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या कॅमेऱ्याचे कट होते, नाहीतर शेवटची मानाची कुस्ती फक्त गावकऱ्यांच्या मोबाईलमध्येच उरली असती, ती पण उभी.